पंचवटीची संहिता : विसंगत स्थलकथा आणि नवागत

१

नाशिक नगरीची चार नावे चार युगांना वाटून देणारा एक संस्कृत श्लोक तीर्थोपाध्यायांच्या तोंडी आणि स्थलमाहात्म्याच्या पुस्तिकांत वारंवार आढळतो. कृतयुगात पद्मनगर, त्रेतायुगात त्रिकंटक, द्वापरयुगात जनस्थान आणि कलियुगात नासिक अशी ती वाटणी आहे. ऐकताना ती अत्यंत नेटकी वाटते. रामकथेशी ताडून पाहताच मात्र तिचे सांधे निखळू लागतात. राम त्रेतायुगातला. वाल्मीकींच्या अरण्यकांडात खर आणि दूषण यांचे ठाणे असलेल्या प्रदेशाचे नाव जनस्थान आहे. म्हणजे ज्या युगात रामकथेला जनस्थानाची गरज आहे त्या युगात श्लोक त्रिकंटक हे नाव पुढे करतो, आणि जनस्थान हे नाव एक युग उशिरा, रामाचा अवतार संपल्यानंतर, लागू करतो. उलट, 'नासिक' या नावाची सर्वांत लोकप्रिय उपपत्ती शूर्पणखेच्या छेदलेल्या नाकाशी जोडलेली आहे. ती घटना त्रेतायुगातली, पण तिच्यावरून पडलेले नाव उगवते कलियुगात. मधल्या काळात या नावाने कोठे मुक्काम केला, हे कोणी सांगत नाही. नऊ शिखरांवरून 'नवशिख' आणि त्यावरून नाशिक ही आणखी एक व्युत्पत्ती प्रचारात आहे आणि ती शूर्पणखेला पूर्णपणे वगळते. गंमत अशी की, एकच मार्गदर्शक एकाच दमात दोन्ही व्युत्पत्ती सांगतो आणि त्याला स्वतःला त्यात काही खटकत नाही.

खटकते ते नवागताला. पंचवटीत प्रथमच येणारा यात्रेकरू काही एक रामायण मनात घेऊन आलेला असतो. ते वाल्मीकींचे क्वचितच असते. मराठी श्रोत्यांच्या एका पिढीसाठी ते १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेले माडगूळकर-फडके यांचे 'गीतरामायण' होते; पुढच्या पिढीसाठी ते १९८७-८८ मधील रामानंद सागर यांची दूरदर्शन मालिका होते. हे मनातले रामायण आणि पायाखालचे रामायण यांची भेट पंचवटीत होते, आणि ती फारशी सुरळीत होत नाही. 'पंचवटी' म्हणजे पाच वड, असे सांगून सीतागुंफेजवळचे क्रमांक घातलेले वड दाखवले जातात. शास्त्रग्रंथांच्या व्याख्येत मात्र पंचवटी म्हणजे अश्वत्थ, बिल्व, वट, धात्री आणि अशोक या पाच भिन्न वृक्षांचा समूह. त्यात वड एकच. सीतागुंफेच्या अरुंद वाटेने बसत-सरकत खाली उतरलेल्या माणसाला एक मार्गदर्शक सांगतो की, खराशी युद्ध चालू असताना सीतेला येथे सुरक्षित ठेवले होते. दुसरा सांगतो की, रावणाने तिला येथूनच नेले. पहिल्या कथेला वाल्मीकींचा आधार आहे, कारण तेथे राम लक्ष्मणाला सीतेसह पर्वतगुहेचा आश्रय घ्यायला सांगतो. दुसरीला तो नाही. हरण पर्णशालेतून झाले आहे. तपोवनात कपिला-गोदावरी संगमापाशी शूर्पणखेचे नाक कापल्याचे स्थान दाखवतात. लक्ष्मणरेषा दाखवण्याचा आग्रह तर यात्रेकरूच धरतो, आणि ती दाखवलीही जाते. वाल्मीकिरामायणात ती रेषा नाही. तुलसीदासांच्या अरण्यकांडात हरणाच्या प्रसंगीही ती ओढली जात नाही. पुढे लंकाकांडात मंदोदरीच्या बोलण्यात तिचा ओझरता उल्लेख येतो, इतकेच.

कपालेश्वराच्या मंदिरात नंदी नाही. ब्रह्मदेवाचे मस्तक छेदल्याचे पाप शिवाला नंदीने सांगितलेल्या उपायाने, रामकुंडातील स्नानाने फिटले. म्हणून नंदी येथे गुरुस्थानी आहे आणि देवापुढे बसत नाही, अशी कथा आहे. हेच पाप काशीत कपालमोचन तीर्थावर फिटल्याची कथा अधिक प्रसिद्ध आहे. शिवाय, रामाच्या नावाचे कुंड रामाच्या आधी शिवाला कसे उपलब्ध झाले, हा प्रश्न एखादे चौकस मूल हमखास विचारते.

२

अशा विसंगतींकडे पाहण्याची आधुनिक साहित्यविचाराची पहिली सवय म्हणजे त्यांना 'रिक्त जागा' समजणे. वोल्फगांग इझर यांच्या मांडणीत संहिता काही गोष्टी न सांगता सोडून देते आणि वाचक त्या जागा भरून अर्थ सिद्ध करतो. पंचवटीतील अडचण नेमकी उलट जातीची आहे. येथे काही सांगायचे राहिलेले नाही. फार सांगून झाले आहे. वाचकाला भरायला जागा नसून निवडायला पर्याय आहेत, आणि ते एकमेकांना छेद देतात. इझर यांचा वाचक एका बांधलेल्या पुस्तकासमोर एकटा बसलेला असतो. पंचवटीचा वाचक चालत असतो, बरोबर कुटुंब असते, आणि संहितेचे पान उलटावे की नाही हे दुसराच कोणी ठरवत असतो. तो केवळ वाचकही नसतो. रामकुंडावर पितरांना पिंड देताना तो, रामाने येथे दशरथाचे श्राद्ध केले या कथेतील रामाची कृती पुन्हा करीत असतो. काही क्षण त्याला कथेतील भूमिका मिळालेली असते.

या कारणाने पंचवटीची तुलना छापील कादंबरीशी करण्यापेक्षा अलीकडच्या एका वेगळ्याच कथनप्रकाराशी करणे अधिक फलदायी ठरते. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी घडवलेल्या 'मड' या संगणकीय खेळापासून अनेकांनी एकाच वेळी भूमिका घेऊन वावरण्याच्या कल्पित विश्वांची परंपरा सुरू झाली. आंतरजालावर खेळल्या जाणाऱ्या अशा विश्वांची स्वतःची पुराणे असतात. खेळाडू त्यांना 'लोर' म्हणतात. ती अनेक हातांनी, अनेक वर्षे, अनेक माध्यमांतून लिहिली जातात आणि साहजिकच एकमेकांना खोडतात. २००४ मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळाचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या पूर्वकथेत, २००२ च्या 'वॉरक्राफ्ट'च्या पुस्तिकेनुसार, सार्गेरास या देवतुल्य पुरुषाला एरेडार नावाच्या दुष्ट वंशाने भ्रष्ट केले होते; २००७ च्या भागात हे नाते उलटे झाले आणि एरेडारांनाच सार्गेरासने भ्रष्ट केले, असे ठरले. मुख्य कथाकार ख्रिस मेट्झन यांनी जुना मजकूर आपल्या ध्यानातून निसटल्याचे जाहीरपणे मान्य केले. २०१० च्या मेळाव्यात तर एका तरुण खेळाडूने निर्मात्यांना भर सभेत विचारले की, अमुक एक सरदार नव्या राज्यमंडळातून गायब का आहे. तो मेला ना, असे व्यासपीठावरून उत्तर आले. तो जिवंत आहे, हे प्रश्नकर्त्याने दाखवून दिले. पुढे खेळात त्या सरदाराची स्थापना झाली आणि त्याच्या शेजारी लाल सदऱ्यातील एक 'तथ्यतपासनीस' कायमचा उभा करण्यात आला.

पंचवटीच्या अभ्यासकाला या घटनेत रस वाटावा तो तिच्या निकालामुळे. येथे चूक कबूल करणारा कर्ता आहे. चूक दुरुस्त करण्याचा अधिकार एका संस्थेकडे आहे आणि ती संस्था कोठे आहे हे सर्वांना माहीत आहे. स्थलपुराणाला असा कर्ता नाही. म्हणून तेथे विसंगतीची दुरुस्ती होत नाही, तिची व्यवस्था लावली जाते. ती व्यवस्था म्हणजे कल्पभेद. दोन पुराणांच्या कथा जुळत नसतील तर त्या दोन निरनिराळ्या कल्पांत घडल्या, असे म्हणून टीकाकार विरोधाचा परिहार करतात. तुलसीदासांनी रामावताराची कारणे सांगताना हीच सोय वापरली आहे. जय-विजयांचा शाप, जालंधराची कथा आणि नारदाचा शाप ही तिन्ही कारणे वेगवेगळ्या कल्पांतील अवतारांची म्हणून एकत्र नांदतात. ए. के. रामानुजन यांनी १९८७ मध्ये सादर केलेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रामायणविषयक निबंधात जी लोककथा आरंभी घेतली आहे तिचाही गाभा हाच आहे. रामाची अंगठी शोधत पाताळात गेलेल्या हनुमंतापुढे अंगठ्यांनी भरलेले तबक येते. जितक्या अंगठ्या, तितके राम होऊन गेले.

नवलाची गोष्ट अशी की, संगणकीय खेळांच्या एका घराण्यानेही अखेर हाच मार्ग धरला. 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेतील १९९६ च्या 'डॅगरफॉल'ला अनेक परस्परविरोधी शेवट होते. पुढचे भाग रचताना त्यांपैकी खरा कोणता हे ठरवणे भाग होते. निर्मात्यांनी सर्व शेवट एकाच वेळी घडले आणि त्या क्षणी काळच दुभंगला, असे कथेतच घालून टाकले. कल्पभेदाची कल्पना त्यांनी भारतीय पुराणांतून घेतली असे सुचवण्याचे कारण नाही. अनेककर्तृक कथाविश्व पुरेसे जुने झाले की काळ फोडण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नसावे.

३

ही तुलना फार ताणण्यात अर्थ नाही, कारण पंचवटीच्या थरांखाली दगड आहे. नाशिकच्या स्थलकथेचा इतिहास लिहायचा तर तो नगराच्या नैर्ऋत्येकडील लेण्यांपासून सुरू करावा लागतो, आणि पहिलाच धक्का तेथे बसतो. या २४ लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. ती बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली आहेत आणि शिलालेखांत त्या डोंगराचे नाव त्रिरश्मी, प्राकृतात 'तिरण्हु', असे आहे. सातवाहन राजा कृष्ण याच्या काळातील लेखात नाशिकच्या श्रमणाचा आणि महामात्राचा निर्देश आहे. म्हणजे 'नासिक' हे नाव इसवी सनापूर्वीच रूढ होते, आणि ते लिहिणाऱ्यांना शूर्पणखेशी काही कर्तव्य नव्हते. प्रशासकीय विभाग म्हणून या लेखांत वारंवार येणारे नाव गोवर्धन आहे. चार युगांच्या श्लोकात नेमके तेच नाही. त्या श्लोकात गुलशनाबादही नाही. मोगल अमदानीत हे नगर त्या नावाने ओळखले जात होते आणि पेशव्यांच्या काळात जुने नाव परत आले. युगांची यादी एकदा मिटली की राजवटींना तीत शिरकाव मिळत नाही.

तिसऱ्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा लेख वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षीचा, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला आहे. आपला दिवंगत पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याच्या पराक्रमाची तुलना ती राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्याशी करते. हा राम दाशरथी की केशवाच्या जोडीने येणारा बलराम, याविषयी मतभेदाला जागा आहे. महत्त्वाचे आहे ते वेगळेच. पंचवटीपासून काही मैलांवर, राजमातेच्या दीर्घ प्रशस्तीत, रामाचे नाव उपमान म्हणून येते. त्या रामाने याच नदीकाठी काही वर्षे घालवली याचा मागमूसही तीत नाही. दुसऱ्या एका लेखात उषवदाताने दान दिलेल्या स्थळांत रामतीर्थ आहे, पण ते शूर्पारक, म्हणजे सोपारा येथील. या मौनावरून पंचवटीची समजूत त्या काळी नव्हतीच असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. बौद्ध संघाला दिलेल्या दानपत्रात वैदिक-पौराणिक तीर्थाचे गुणगान असावे ही अपेक्षाही फारशी न्याय्य नाही. तरीही ज्या स्थळाला कथेचा पत्ता म्हणून सर्वस्वी निर्विवाद समजले जाते, त्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा दुसऱ्याच एका धर्मकथेचा आहे, एवढे तरी मान्य करावे लागते.

पुढे ब्रह्मपुराणातील गौतमीमाहात्म्याने शंभरावर अध्यायांत गोदावरीकाठची तीर्थे एका माळेत ओवली. सोळाव्या शतकात एकनाथांनी 'भावार्थरामायणा'त रामकथा मराठीत आणली. तो ग्रंथही एका हातचा नाही, युद्धकांडाचा उरलेला भाग आणि पुढचे कांड गावबा या शिष्याचे समजले जाते. काळाराम मंदिराची आजची काळ्या दगडाची भव्य वास्तू अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरदार रंगराव ओढेकर यांनी बांधवली. जी पंचवटी यात्रेकरूला अनादी वाटते तिचा दृश्य सांगाडा बव्हंशी पेशवाईतला आहे.

रामायणाचा भूगोल निश्चित करण्याचे प्रयत्नही या संहितेचाच भाग झाले आहेत. ह. धी. सांकळिया यांनी १९५०-५१ मध्ये नाशिक आणि जोर्वे येथे उत्खनन केले, आणि पुढे १९७३ मध्ये रामायण मिथक की वास्तव या प्रश्नावर पुस्तक लिहिताना लंका विंध्याच्या परिसरात, मध्य भारतात असल्याचे मांडले. लंका इतकी उत्तरेला आणली की पंचवटीचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतोच. इकडे भद्राचलमजवळ, आजच्या तेलंगणातील पर्णशाला येथे, तीच गोदावरी, तीच कुटी आणि तेच सीताहरण दाखवले जाते. जटायूही एका ठिकाणी पडत नाही. इगतपुरी तालुक्यातील टाकेद, आंध्रातील लेपाक्षी आणि केरळातील चडयमंगलम या तिन्ही ठिकाणी त्याचे पतनस्थान आहे. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात स्थलपुराणाला खोटे न ठरवता, त्याच्या विसंगतींच्या फटींतून मागचे दैवत पाहण्याची रीत घालून दिली. ती रीत पंचवटीला लावण्याचे काम मराठीत अजून बरेचसे बाकी आहे.

४

कथा अशा सैल असताना तीर्थाचे व्यवहार मात्र सैल नव्हते. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वंशावळींच्या वह्या असतात. त्यांत गाव, कूळ, जात, आलेल्या पुरुषाचे नाव, बापाचे, आजोबांचे नाव, येण्याचे निमित्त अशा नोंदी पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या. राम कोणत्या वडाखाली राहिला याविषयी दोन उपाध्यायांचे एकमत होणार नाही. पण अमुक गावचे अमुक कुळ कोणाचे यजमान, याविषयी मतभेद झाला तर तो पुराव्यानिशी मिटवावा लागे. नवागताचा गोंधळ दूर होतो तो येथे. त्याला कथा समजावून दिली जात नाही. त्याचा पणजोबा याच ठिकाणी येऊन गेल्याचे त्याला दाखवले जाते. ते हस्ताक्षर पाहिल्यावर वड पाच की एक हा प्रश्न त्याच्या लेखी गौण होतो. विसंगत संहितेची विश्वसनीयता वहीच्या सुसंगतीवर उभी आहे, आणि साहित्यशास्त्राने या वहीकडे जितके लक्ष द्यायला हवे होते तितके दिलेले नाही. कथाविश्वात नवख्याला सामावून घेणारी गोष्ट कथा असतेच असे नाही. बहुधा ती सदस्यत्वाची नोंद असते.

पण सदस्यत्वाची नोंद म्हटली की वगळलेल्यांचा प्रश्न येतो. पंचवटीच्या इतिहासातील सर्वांत गंभीर 'नवागत' २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारांशी उभे राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या या सत्याग्रहात हजारो अस्पृश्य स्त्रीपुरुष नाशिकमध्ये जमले. मंदिराची दारे बंद करण्यात आली. दादासाहेब गायकवाड यांनी स्थानिक संघटनेची धुरा वाहिली. रामनवमीच्या रथाला दोन्ही बाजूंनी हात लावण्याचा ठरलेला समेट ९ एप्रिल रोजी मोडला आणि दगडफेक झाली. हा लढा थांबत-चालत १९३५ पर्यंत गेला. या माणसांना नवागत म्हणणे मुळातच विपरीत आहे. त्यांतील कित्येक याच जिल्ह्यातले होते. कथा त्यांना ठाऊक होती, नदी त्यांची रोजची होती. ते नवे होते ते केवळ दार कधीच उघडलेले नव्हते म्हणून. यात्रेकरूच्या गोंधळाला उत्तर म्हणून मार्गदर्शक मिळतो. येथे गोंधळ नव्हताच, आणि उत्तर म्हणून कुलूप मिळाले.

या प्रसंगी कथाविश्वाची आणखी एक विसंगती उघडी पडली. शबरीची उष्टी बोरे खाणारा राम हा भक्तिपरंपरेचा लाडका पुरावा. मंदिरप्रवेशाच्या बाजूने बोलणारे सवर्ण सुधारकही त्याचा आधार घेत. वाल्मीकींची शबरी रानातील फळे-मुळे जमवून ठेवते, पण ती चाखून उष्टी केल्याचे तेथे नाही. उलट उत्तरकांडात तपश्चर्या करणाऱ्या शूद्र शंबूकाचा रामाने केलेला वध आहे. एका कथेतील उदारता नंतरची आहे आणि दुसऱ्या कथेतील क्रौर्यही संशोधकांच्या मते उत्तरकालीन भागातले आहे. कोणती खरी म्हणायची, हा प्रश्न कल्पभेदाने सुटत नाही, कारण दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला याच कल्पात आत जायचे असते.

शंबूकाचा पंचवटीशी संबंध केवळ विचारांचा नाही. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'च्या दुसऱ्या अंकात राम शंबूकाला मारण्यासाठी दंडकारण्यात येतो. वध होताच शंबूक दिव्यरूप धारण करतो आणि रामाला भोवतालचा प्रदेश दाखवू लागतो. हे दंडकारण्य, हे जनस्थान; आणि पुढे तिसऱ्या अंकात, सीतेच्या छायेच्या सान्निध्यात, राम पंचवटीत मूर्च्छित होतो. संस्कृत नाट्यवाङ्मयात या स्थळाचा इतका उत्कट पुनर्प्रवेश दुसरा नाही, आणि त्यात वाट दाखवणारा आहे नुकताच मारला गेलेला शूद्र तपस्वी. स्थळाची ओळख विसरलेल्या राजाला ते ओळखून देण्याचे काम भवभूतीने त्याच्याकडे सोपवले. वाल्मीकींचा शंबूक अन्यत्र, शैवल पर्वताजवळ तप करतो. म्हणजे त्याला या परिसरात आणून बसवणे हा कवीचा निर्णय आहे. पंचवटीच्या प्रचलित दर्शनक्रमात शूर्पणखेच्या नाकाला जागा आहे, मारीचाच्या हरणाला आहे, खर-दूषणांना आहे; शंबूकाला नाही. भवभूतीची संहिता नाशिकच्या पाठशाळांत अपरिचित असण्याचा संभव नव्हता. कथांची निवड अज्ञानातून होते असे मानणे म्हणूनच भाबडेपणाचे ठरते.

आंबेडकरांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या न झालेल्या भाषणात शंबूकवधाचा विचार केला तो याच अनुभवानंतर. वर्णव्यवस्था दंडाशिवाय टिकत नाही. म्हणून रामराज्याला शंबूकाचा वध अपरिहार्य होता, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. त्यांच्या मृत्यूनंतर, १९८७ मध्ये, 'रिडल्स इन हिंदुइझम' प्रसिद्ध झाले आणि त्यातील राम-कृष्णविषयक प्रकरणावरून महाराष्ट्रात वादळ उठले. त्या वादात एक गोष्ट झाकोळली गेली. आंबेडकरांच्या हाती विसंगती हे कोडे होते. टीकाकाराच्या हाती ती परिहाराची बाब होती आणि यात्रेकरूच्या हाती ती सोडून देण्याची. कोडे घालणारा वाचक विसंगती मिटवत नाही आणि टाळतही नाही. ती कोणाच्या सोयीची आहे, हे तो विचारतो. या वाचनाची मुळे ग्रंथालयाइतकीच पंचवटीतल्या बंद दारात आहेत. मंदिरप्रवेशाचा लढा मूर्तिपूजक होण्यासाठी नव्हता, दलितांना आपल्या स्थितीची जाणीव देण्यासाठी तो सर्वांत उपयुक्त मार्ग वाटला म्हणून हाती घेतला, असे १९३४ मध्ये त्यांनी गायकवाडांना लिहिलेल्या पत्रातून स्पष्ट होते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातील येवल्यात, हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा त्यांनी केली. ज्या कथाविश्वात प्रवेश मागितला होता ते सोडून देण्याचा तो निर्णय होता.

५

गेल्या काही वर्षांत विसंगतीविषयीची जुनी सहिष्णुता कमी होत चालल्याची चिन्हे दिसतात. नाशिकहून त्र्यंबकला जाताना लागणारा अंजनेरी डोंगर हनुमंताचे जन्मस्थान मानला जातो. त्यासाठी गौतमीमाहात्म्याचा आधार दिला जातो. कर्नाटकातील किष्किंधेजवळचा अंजनाद्रीही जन्मस्थानच आहे. या दोहोंना शतकानुशतके एकमेकांची अडचण झाली नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी, रामनवमीला, तिरुमला तिरुपती देवस्थानाने तिरुमलेचा अंजनाद्री हेच खरे जन्मस्थान असल्याचे एका समितीच्या अहवालाच्या आधारे जाहीर केले. पुढच्या वर्षी किष्किंधेच्या बाजूने एका साधूंनी अंजनेरीला आव्हान दिले. ३१ मे २०२२ रोजी नाशिक रोड येथे शास्त्रार्थाची सभा भरली. आसनव्यवस्थेपासून वाद सुरू झाला आणि प्रकरण हातघाईवर येऊन सभा निर्णयाविना संपली. समिती, अहवाल, पुरावा आणि एकच निकाल ही सगळी शब्दावली खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या मेळाव्याला शोभणारी आहे. तिथे निदान उत्तर देणारा कर्ता व्यासपीठावर बसलेला होता. येथे दोन्ही पक्ष कर्त्याच्या रिकाम्या आसनासाठीच भांडत होते. कल्पभेदाचा आधार कोणीही घेतला नाही, ही या सभेची सर्वांत बोलकी बाब म्हटली पाहिजे. जन्मस्थान एकच असले पाहिजे हा आग्रह इतिहासशास्त्राकडून उसना घेतलेला आहे, पण इतिहासशास्त्राची शिस्त न पत्करता.

कथाविश्व वापरण्याची याहून निराळी उदाहरणेही याच नगरीत आहेत. दादासाहेब फाळके यांनी नाशिकला चित्रसंस्था चालवत असताना १९१७ मध्ये 'लंकादहन' काढला. त्यात अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. १९९१ पासून कुसुमाग्रज प्रतिष्ठान मराठी साहित्यिकांना जो पुरस्कार देते त्याचे नाव 'जनस्थान'. पहिला पुरस्कार विजय तेंडुलकरांना मिळाला. श्लोकाने द्वापराकडे सोपवलेले नाव अशा रीतीने कलियुगात, राक्षसांचे ठाणे असल्याची आठवण मागे टाकून, साहित्यिकांच्या सन्मानासाठी परत आले.

त्रिरश्मी डोंगराची गोष्ट अद्याप चालू आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर या लेण्यांकडे येणारा नवागत बदलला. पांडव येथे कधी राहिले, हे त्याला विचारायचे नसते. चैत्यगृहापुढे वंदना करून तो शिलालेखाची अक्षरे पाहतो. जुन्या सवयीने बहुतेक लोक अजून पांडवलेणी म्हणतात, आणि बौद्ध उपासक आग्रहाने त्रिरश्मी बुद्धलेणी म्हणतात. येथे एक पक्ष लोककथेचा आहे आणि दुसऱ्याच्या हाती दगडावर कोरलेला शब्द आहे. तरी दुसऱ्यालाही तो शब्द पुन्हा प्रचारात आणण्यासाठी फलक लावावे लागतात, वह्या-पुस्तके छापावी लागतात, मुलांना सहलीला आणून लेणी दाखवावी लागतात. तिसऱ्या लेण्यात उपासकांची मुले गौतमी बलश्रीच्या लेखाखाली उभी राहतात. त्या ओळींत राम आहे, अर्जुन आहे, भीमसेनही आहे. लेण्याला नाव देणाऱ्या पाच पांडवांपैकी दोघे खरोखरच तेथे सापडतात, एका सातवाहन आईने आपल्या मुलाच्या पराक्रमाला दिलेल्या उपमेत.